निखाऱ्यावरचा बाजा

तबकडीवरची बाई बाप्याच्या आवाजात गायला लागली तेव्हा जिवाने आधी सुईकडे पाहिलं, मग चावी फिरवून पाहिली, मग कर्ण्याच्या तोंडात कोणी काही कोंबलंय का म्हणून खांद्यापर्यंत हात आत घातला. कर्णा रिकामा होता. बाई तशीच गात राहिली. जाड, ओढलेल्या आवाजात, एखाद्या म्हाताऱ्याने मोळी घेऊन चढण चढता चढता गुणगुणावं तशी.

हे झालं काल दिवेलागणीला, सूर्यमाळला, त्याच्या बहिणीच्या, पारूच्या ओटीवर. पाड्यावरची तीसेक माणसं राजाचा बाजा ऐकायला जमली होती. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाजा त्यांनी आधी कधी ऐकलेलाच नव्हता. तो असाच बोलत असेल असं समजून ती माना डोलावत आपापल्या घरी गेली. घरच्यांना मात्र ठाऊक होतं. चार महिने ही पेटी दाभोशाला त्यांच्याच चुलीशेजारी राहत होती आणि त्या बाईचा पातळ, चिरका गळा लेकरांनासुद्धा पाठ झाला होता.

तेवढ्यात चुलीजवळून जिवाची आई धोंडीबाई म्हणाली, "तुमचा बाबा आहे तो."

तिचे दोघे मुलगे, एक मुलगी आणि एक सून, सगळी तिच्याकडे बघत राहिली. तिचा नवरा तुका वारल्याला हा तिसरा माघ होता.

सकाळ झाली तरी त्या वाक्याला कोणी हात लावला नव्हता. गारठा एवढा होता की बोलताना तोंडातून वाफ निघे. जिवा ओटीवर घोंगडी पांघरून बसला होता आणि समोर पेटी उघडून पाहत होता. त्याच्यासाठी आजचा दिवस म्हणजे शेताचा दिवस. तुका संस्थानचा तारपेवाला. दर दसऱ्याला जव्हारला राजवाड्यापुढे त्याने भोपळ्याचा तारपा वाजवायचा आणि त्याबदल्यात नदीकाठचं भाताचं शेत कसायचं. सगळं गाव त्याला तारप्याचं शेत म्हणे. तुका गेला आणि त्याच सुमारास वाड्यावर हा बाजा आला. मग कचेरीत ठरलं की आता तारपा वाजवणारा नको, बाजा सांभाळणारा हवा, आणि जो बाजा सांभाळील त्याच्याकडे शेत. आज खोडाळ्याला संस्थानातल्या सगळ्या पाटलांचा मेळावा होता. हुकूम वाचायच्या आधी आणि नंतर बाजा वाजायचा होता, आणि कारकून विष्णुपंत स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते की हा दाभोशाचा माणूस यंत्र चालवू शकतो की नाही. नसेल चालवता येत, तर नाशिककडचा एकजण तयारच होता.

"सुई बदल," गोदी म्हणाली. गोदी त्याची बायको. बाज्यातलं तिला जिवाइतकंच कळे, पण ती ते ठामपणे बोले.

"तीन बदलल्या."

"मग चावी कमी दिली असशील."

"फिरतच नाय त्यापुढं. पूर्ण भरलीय."

"मग काय झालं?"

हाच तर प्रश्न होता. जव्हारच्या कचेरीच्या मागच्या पडवीत, श्रावणातल्या पावसात, जिवाने पंधरा दिवस रहीम मिस्त्रीकडे हे काम शिकून घेतलं होतं. मिस्त्री बोलायचा भराभर, निम्मं हिंदीत, आणि जिवाला त्यातलं निम्मंच कळायचं. म्हणून त्याने कान सोडून दिले आणि मिस्त्रीचे हात पाठ केले. एक स्क्रू निघाला की तो सागाच्या वाळक्या पानावर ठेवायचा. दुसरा निघाला की दुसऱ्या पानावर. पानं ओळीने मांडायची आणि परत बसवताना शेवटच्या पानापासून उलट यायचं. मिस्त्री आधी हसला होता. पुढे एकदा त्याचाच एक स्क्रू फटीत गेला, तेव्हापासून तोही पानं मागायला लागला. वेग सांभाळणारे तीन शिशाचे गोळे मिस्त्रीने दाखवले होते आणि त्यांना तो गव्हर्नर म्हणाला होता. जिवाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा धोंडीबाईने विचारलं होतं, तो तर मुंबईला असतो ना, मग पेटीत कसा मावला.

आवाज बिघडला तर आवाजाच्या डबीत बघायचं, एवढं मिस्त्रीच्या हातांनी शिकवलं होतं. सुई जिथे खोचतात त्या गोल डबीत अभ्रकाचा पापुद्रा असतो, तो थरथरतो म्हणून गाणं होतं. जिवाने डबी काढली. पान एक, पान दोन, पान तीन.

"दादा, ती नको उघडूस," मागून नवशा म्हणाला. "थंडीत मेण तडकतं."

नवशा धाकटा. तारपा आता तो वाजवी, पण वाड्यावरून त्याला कोणी बोलावत नसे. दाभोशाहून इथवर पेटी त्यानेच पाठीवर आणली होती आणि सबंध वाटेत तो बाज्याबद्दल एक अवाक्षर बोलला नव्हता.

"तुला कसं माहीत काय तडकतं ते?"

"पापुद्र्याला दांडी मेणानंच चिकटवलीय की. मी बघितलंय."

"कधी बघितलंस?" गोदीने विचारलं. तिने ते साधंच विचारलं असेल, पण सकाळच्या गारठ्यात ते साधं ऐकू आलं नाही.

नवशाने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, सरळ विचार ना."

"मी काय विचारू? पेटी तुमच्या पाठीवर होती भावजी. दाभोशाला सकाळी धड होती. इथं संध्याकाळी बिघडली. मधे घाट, आणि तुम्ही."

"मला मोडायची असती तर घाटात टाकली असती. एवढी चढून वर कशाला आणली असती?"

"मोडायची कोण म्हणतंय? बिघडवायला पाठीवर दोन धक्के पुरेत."

"आता बास," पारू आतून बाहेर येत म्हणाली. तिच्या हातात काल टाकून दिलेल्या तीन सुया होत्या; लेकरांच्या पायातले काटे काढायला त्या तिने उचलून ठेवल्या होत्या. तिचा नवरा मांडव घालायला कालच खोडाळ्याला गेला होता, त्यामुळे या घरात आता तिचाच शब्द मोठा होता. "माझ्या ओटीवर माझ्या भावाला चोर नाय म्हणायचं."

"दोन्ही भाऊच आहेत तुझे," गोदी म्हणाली.

"म्हणून तर. एकाला शेत मिळतंय, दुसऱ्याला शिव्या."

जिवा खाली मान घालून डबीच्या स्क्रूशी खेळत होता. त्याला भावाची बाजू घ्यावीशी वाटत होती आणि बायकोचं म्हणणं खोडता येत नव्हतं. त्या गोंधळात त्याचा पेचकस जरा जास्त दाबला गेला, बारीकसा टक असा आवाज झाला आणि अभ्रकाच्या मधोमध चिकटवलेलं मेण दाण्यासारखं उडून अंगणात पडलं.

दांडी सुटली. आता बाई गाणार नव्हती, बाप्याच्या आवाजातसुद्धा नाही.

जिवा हातात डबी धरून बसून राहिला. ऊन अजून झाडांच्या शेंड्यावर होतं. खोडाळा दोन कोस. त्याने मनातल्या मनात नदीकाठचं शेत पाहिलं, त्याच्या बांधावर नाशिककडचा अनोळखी माणूस उभा केला, आणि त्या माणसाला चेहरा देता येईना म्हणून त्याला आणखी भीती वाटली.

"दे इकडं," नवशा म्हणाला.

"तुला येत नाय ते."

"बाज्याचं येत नाय. मेणाचं येतं."

त्याने कमरेच्या पिशवीतून मेणाची गोळी काढली, तारप्याच्या भोपळ्याची फट बुजवायला तो ती नेहमी जवळ बाळगे. गोळी तोंडात टाकली, गालात धरून मऊ केली, बोटांत वळली, पारूकडून एक जुनी सुई घेतली आणि तिचं टोक चुलीत तापवून मेणाचा मुगाएवढा थेंब दांडीच्या टोकावर नेमका सोडला. मग डबी तळहातात घेऊन तोंडाजवळ धरली आणि हळूहळू फुंकर घालत राहिला. तुका असंच करायचा. गोदीसुद्धा बघत राहिली.

"आता पानं मोज तुझी," नवशा म्हणाला.

पान तीन, पान दोन, पान एक. जिवाने डबी बसवली, तबकडी ठेवली, चावी दिली. आवाज फुटला. स्वच्छ, घट्ट, एकही करकर नाही. आणि तसाच जाडा, तसाच ओढलेला, म्हाताऱ्याचा.

"बघ," धोंडीबाई दारातून म्हणाली. "तुम्ही उगाच भांडता. तो आलाय, त्याला गाऊ द्या."

नवशा आता खरोखर गोंधळला. "दादा, हा सूर..."

"काय?"

"काय नाय." मग खालच्या आवाजात, "बाबा गाताना दम घ्यायचा ना मधे, तसंच वाटतं."

"वाटतं," जिवा म्हणाला. त्यालाही कालपासून तेच वाटत होतं आणि तेच नको होतं. बाबा असला तर यंत्र बिघडलेलं नाही, मग दुरुस्त काय करायचं? आणि यंत्र बिघडलं असेल तर आईला सांगायचं कसं?

गोदीने दोघा भावांकडे आळीपाळीने पाहिलं.

आत पारूने धाकट्या पोरीला वेणी घालायला बसवलं होतं. तिने फळीवरून तेलाची कुपी काढली, उपडी केली, तळव्यावर आपटली. काही आलं नाही. मग ती चुलीपाशी गेली आणि कुपी निखाऱ्यांजवळ धरून बसली.

"काय करतेस?" जिवाने सहज विचारलं.

"तेल शेकते. मोहाचं तेल इथं माघात असंच थिजतं, तुपासारखं. खाली दाभोशाला तुमचं नाय थिजत?"

"चुलीजवळ असतं आमचं," जिवा म्हणाला आणि बोलता बोलता थांबला.

तो पेटीकडे गेला. लाकडावर कालपासून बोटांचे तेलकट ठसे होते. ते त्याने पाहिले होते आणि त्यांचं काही वाटलं नव्हतं. घरातला माणूस राजाच्या चाकरीला निघाला की त्याच्या कामाच्या वस्तूला थोरल्या बाईच्या हातचं तेल लागल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. तुकाच्या तारप्याच्या भोपळ्याला धोंडीबाई दर दसऱ्याला तेल चोळायची. पेटीलाही चोळलं असेल, त्यात काय. पण आता त्याने झाकण उचलून नाक आत घातलं. मिस्त्रीच्या तेलाला धड कसलाच वास नव्हता. आतून मात्र वास आला तो घरचा, सणाच्या दिवशी वडे तळताना येतो तसा. त्याने गोळ्यांच्या खालच्या दात्यावर बोट फिरवलं. बोटाला पांढरं, मेणचट काहीतरी लागलं. त्यातच चाकं अडखळत सावकाश फिरत असणार.

"आये," त्याने हाक मारली. "पेटीला तेल कुठं लावलंस तू?"

"लावलं कुठं? पाजलं," धोंडीबाई म्हणाली. "निघायच्या दिवशी सकाळी. तू ती मिस्त्रीची बाटली ज्या ज्या भोकात ओततोस तिथं तिथंच. ते तुझं पाण्यासारखं तेल पोटात राहतं होय? वाटीभर चांगलं पाजलं मी. रिकाम्या पोटी कोण चाकरीला जातं?"

कोणी हसलं नाही. गोदीने पदर तोंडावर घेतला तो बहुतेक त्यासाठी असावा.

"का रे? कमी पडलं?"

जिवाने तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्यावर कालपासून जे तेज आलं होतं ते त्याने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

"नाय आये. पोटभर झालं."

ती आत गेली. चौघं ओटीवर डोकी जवळ आणून बसली, एखादा गुन्हा करायचा असावा तशी.

"घासलेटनं धुऊन काढ," गोदी कुजबुजली.

"घासलेट आहे कुठं? पारूच्या दिव्यात आहे ते बोटभर. आणि चावीनं ताणलेल्या कमानीचं घर घाईत उघडायचं नाय, मिस्त्रीच्या हातावर केवढा वण होता. सुटली तर बोटं घेऊन जाते."

"उन्हात ठेवली तर?" पारूने विचारलं.

"खोडाळ्याला मांडव घातलाय तुझ्याच नवऱ्यानं. सावलीत बसायचंय."

मग नवशा उठला, पारूचं एक फुटकं खापर घेतलं, त्यात राख घातली, राखेवर चार निखारे ठेवले आणि ते पेटीखाली सरकवून वरून घोंगडी सोडली. बसला. पेटीच्या कडेला तळहात लावून थांबला. "लाव," तो म्हणाला.

जिवाने लावली. म्हातारा गायला लागला. दोन ओळींनंतर त्याचा सूर जरा वर चढला, आणखी दोन ओळींनी आणखी, आणि बघता बघता म्हाताऱ्याचा बाप्या झाला, बाप्याचा पोरगा, आणि शेवटी मुंबईकडची बाई आपल्या पातळ गळ्यात नेहमीच्या तोऱ्यात गाऊ लागली.

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. धोंडीबाई दारात आली, ऐकून पुन्हा आत गेली.

"निखारे दोन कमी करतो," नवशा घाईघाईने म्हणाला. "जास्त झालं तर वरचं मेण सुटेल. मेणाला सोसेल आणि तेल पातळ होईल, एवढीच ऊब पाहिजे."

"ती कशी कळायची?"

"हाताला कळते."

गोदी उठली आणि चुलीतले चांगले, खैराचे निखारे निवडून मडक्यात भरू लागली. "भावजी," पाठमोरीच ती म्हणाली, "वाटेत हे विझता कामा नये." गोदीची माफी मागायची तऱ्हा ती हीच, आणि नवशाला ती पुरली.

*

खोडाळ्याचा मांडव पाटलांनी भरला होता. विष्णुपंत खुर्चीवर, समोर मेज, मेजावर वही. जिवाने पेटी घोंगडी अंथरलेल्या चौरंगावर मांडली, चौरंगाखाली खापर गेलं आणि नवशा शेजारी मांडी घालून, एक हात घोंगडीच्या आत घालून बसला. पाटलांना वाटलं की हा बाज्याचाच भाग. एक म्हातारा पाटील नमस्कार करून गेला, तोही बाज्याला की नवशाला, कळलं नाही.

बाई गायली. पहिली तबकडी, मग हुकूम, मग दुसरी. जिवाच्या कपाळावर माघातही घाम होता. नवशाचे ओठ मधून मधून घोंगडीच्या कडेशी जात, फुंकर मारीत आणि परत येत. विष्णुपंत बोटाने मेजावर ताल धरून होते. शेत जवळ जवळ येत होतं.

धोंडीबाई मांडवाच्या कडेला बायकांत बसली होती. येताना तिने वाटेत एकदाच विचारलं होतं, "तिथं तरी बोलेल ना तो?" आणि जिवा "बोलेल" म्हणाला होता. कोण, ते त्याने विचारलं नव्हतं. आता ती समोर बघत होती, पण ऐकत नव्हती. परक्या बाईचं गाणं ऐकताना माणूस जसा बसतो तशी बसली होती.

शेवटची तबकडी अर्ध्यावर आली. इथे चावी द्यायची, मिस्त्रीच्या हातांनी शिकवलं होतं, वीस फेरे, सावकाश. जिवाने चावीवर हात ठेवला. आईकडे पाहिलं. आणि हात तिथेच राहिला. आपण काय करतोय हे त्याला धड कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की चावी न फिरवणं त्याला कोणी शिकवलेलं नाही.

कमान उतरत गेली. बाईचा आवाज खाली आला. आणखी खाली आला. जाड झाला, ओढला गेला, दम घेऊ लागला.

मांडवाच्या कडेला धोंडीबाईची मान वर झाली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, तुका राजवाड्यापुढे वाजवायला उभा राहिला की करायची तसा. शेवटचे दोन सूर तबकडीतून इतके सावकाश निघाले की पाटलांनीही श्वास धरला. मग सगळं थांबलं.

"हे काय झालं?" विष्णुपंतांनी विचारलं. बोटं मेजावर थांबली होती.

जिवाने मान खाली घातली. तो भावाकडे बघायलाही धजेना.

"निखारा निवला, साहेब," नवशा म्हणाला. त्याने घोंगडीतून हात काढून राखेने भरलेली बोटं दाखवली. "माझी चूक. आता ठीक करतो." त्याने फुंकर मारली आणि त्याच वेळी कोपराने जिवाला ढोसलं. जिवाने वीस फेरे दिले. बाईने उरलेलं गाणं नेहमीच्या गळ्यात पूर्ण केलं, तबकडीवर सांगायची रीत होती तसं शेवटी आपलं नावसुद्धा सांगितलं.

विष्णुपंत वाकून घोंगडीखाली बघत होते. "ह्याला निखारा लागतो? हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"वरच्या मुलखात लागतो, साहेब," जिवा म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"आणि हा इसम नेहमीच लागतो?"

"एकट्याला जमत नाय. एकानं चावी, एकानं ऊब."

पंतांनी लेखणी बुडवली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "बाजा सांभाळण्यास इसम दोन. तुका तारपेवाल्याचे मुलगे जिवा व नवशा. शेत दोघांकडे चालू ठेवावे." मग थोडं थांबून त्यांनी आणखी एक ओळ घातली, "निखारे स्वतःचे आणावेत."

परतीच्या वाटेला उन्हं कलली होती. पेटी आज जिवाच्या पाठीवर होती. नवशा मोकळ्या हातांनी पुढे चालला होता आणि कितीतरी महिन्यांनी काहीतरी गुणगुणत होता. पारू आणि गोदी मागे, रिकाम्या मडक्यावरून की कशावरून, हसत होत्या.

धोंडीबाई जिवाच्या बरोबरीने आली.

"थोडाच बोलला आज," ती म्हणाली. "शेवटी शेवटी."

"हो."

"दमला असेल. एवढी चढण." मग आणखी चार पावलं. "दसऱ्याला निघायच्या आधी मला सांगा दोघांनी. तेल मीच पाजीन त्याला."

पुढे नवशाचं गुणगुणणं थांबलं. तो वळला नाही, पण थांबून ऐकत होता. जिवाच्या पाठीवर पेटीतलं तेल चालण्याच्या उबेने किंवा उन्हाने पुन्हा पातळ होत असावं; घरचा वास त्याच्या मानेपाशी येत होता. घासलेटने एकदा धुतलं की निखारा नको, निखारा नको म्हणजे नवशा नको, आणि बाबाही नाही. रहीम मिस्त्रीने अशा वेळी काय केलं असतं ते त्याला मुळीच आठवेना.

"पाज, आये," जिवा म्हणाला. "थोडंसंच पाज."